भरती शेवटी: कारखान्यात स्त्रियांना टिकून काम करता यावं म्हणून काय करायचं, कोणत्या क्रमानं करायचं

चाकण, अंबड, वाळूज किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतला, पन्नास ते तीनशे माणसांचा कारखाना समोर ठेवून हा लेख लिहिला आहे. एवढ्या कारखान्यात एचआरला एक-दोन माणसं असतात, बरंचसं काम ठेकेदाराकडून चालतं आणि समतेचं धोरण लिहायला वेगळं खातं नसतं. तरीही इथे बरंच करता येतं, कारण गेटपासून मालकाच्या केबिनपर्यंतचं अंतर कमी असतं.

बहुतेक ठिकाणी सुरुवात भरतीपासून होते. यंदा मुली घ्यायच्या असं ठरतं, आयटीआयच्या मुली येतात, आणि काही महिन्यांत एकेक करून जातात. मग लाइनवरचा सुपरवायझर म्हणतो, मुली टिकत नाहीत. त्याचा अनुभव खरा असतो, पण त्यामागची कारणं मुलींमध्ये नसतात. पाळी रात्री दहाला सुटते आणि शेवटची बस त्याआधी गेलेली असते. शौचालय दुसऱ्या शेडच्या मागे असतं. अख्ख्या विभागात ती एकटी असते. म्हणून क्रम उलटा करा. आधी मोजणी, मग जागा, मग येणं-जाणं, पगार आणि तक्रारीची व्यवस्था. भरती त्यानंतर.

मोजणी

दोन आठवडे पुरतात. एक तक्ता करा. प्रत्येक कामगाराचा विभाग, पद, पाळी, स्त्री की पुरुष की तृतीयपंथी, कायम की ठेक्यावर, रुजू झाल्याची तारीख, मूळ पगार, भत्ते, गेल्या बारा महिन्यांचे ओव्हरटाइमचे तास, मिळालेलं प्रशिक्षण आणि शेवटची बढती हे सगळं त्यात आलं पाहिजे. ठेकेदाराच्या हजेरीवरची माणसं वगळू नका. अनेक कारखान्यांत बायका नेमक्या तिथेच असतात, आणि कायम कामगारांपुरता तक्ता केला की चित्र खोटं गोंडस दिसतं.

दुसरा तक्ता सोडून गेलेल्यांचा. गेल्या तीन वर्षांत कोण, कोणत्या विभागातून, किती महिन्यांनी गेलं ते लिहा. पहिल्या दोन महिन्यांत गेलेल्या असतील तर अडचण बहुधा जागेची, प्रवासाची किंवा एकटेपणाची असते. वर्ष-दीड वर्षानं गेल्या असतील तर पगार आणि बढतीकडे बघा. चार-पाच वर्षांनी जात असतील तर बाळंतपणानंतर परत येण्याची सोय आहे का ते तपासा. राजीनाम्यावर 'घरगुती कारण' लिहिलेलं असतं. त्यावर थांबू नका.

मग बोला. चार ते सहा जणींचा गट, पाऊण तास, कामाच्या वेळेत आणि पूर्ण पगारी. खोलीत त्यांचा सुपरवायझर किंवा ठेकेदाराचा माणूस नको. 'काही त्रास आहे का?' असं विचारलं की उत्तर 'नाही सर' असंच येतं. त्याऐवजी ठोस विचारा. घरातून किती वाजता निघता? पाणी किती वेळा पिता? कोणत्या मशीनवर काम शिकायला मिळालं नाही? आजारी पडलात तर सुट्टी कोणाकडे मागता? बोललेलं नावाशिवाय लिहून ठेवा, आणि त्यातली निदान एक गोष्ट महिनाभरात दुरुस्त करून दाखवा. तसं झालं नाही तर पुढच्या बैठकीत कोणी तोंड उघडणार नाही.

शौचालय, कपडे बदलण्याची खोली, बाकाची उंची

कारखान्यांच्या नियमांत दर २५ स्त्रियांमागे किमान एक शौचालय सांगितलं आहे. ४५ बायका असतील तर दोन बांधली की नियम पूर्ण होतो. आता घड्याळ लावून बघा. चहाची सुट्टी १० मिनिटांची. एकीला ३ मिनिटं धरली तर दोन शौचालयांत मिळून सहा जणी जाऊन येतात. उरलेल्या ३९ जणींनी काय करायचं? त्या पाणी पिणं कमी करतात. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये याचा अर्थ चक्कर, डोकेदुखी आणि लघवीच्या मार्गाचा संसर्ग. मग खाडे वाढतात, आणि नोंद होते की बायका सुट्ट्या फार घेतात.

उपाय दोन, आणि दोन्ही करा. सुट्टी सगळ्यांना एकदम न देता दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरानं गटागटानं द्या. शिवाय लाइनवर दर पंधरा-वीस माणसांमागे एक रिलीव्हर, म्हणजे थोडा वेळ दुसऱ्याची जागा सांभाळणारा कामगार, ठेवा; मग सुट्टी नसतानाही कोणालाही मशीन बंद न करता जाता येईल. जाण्यासाठी टोकन, वही किंवा परवानगीची चिठ्ठी असेल तर ती बंद करा. पुरुष सुपरवायझरकडे दिवसातून तीनदा चिठ्ठी मागायची वेळ कोणत्याही बाईवर येऊ नये.

शौचालय कामाच्या जागेपासून दोन मिनिटांच्या चालीत हवं. आतून लागणारी कडी, चोवीस तास पाणी, वाटेवर दिवा, प्रत्येक शौचालयात झाकणाचा डबा, टांगायला खुंटी. खुंटी क्षुल्लक वाटते, पण ओल्या फरशीवर पिशवी ठेवायची नसते म्हणून पॅड बदलणं टाळलं जातं. सॅनिटरी पॅड शौचालयाबाहेरच्या कपाटात मोफत ठेवा. कुलूप लावून किल्ली एचआरकडे ठेवणार असाल तर ते नसल्यासारखंच. डबा रोज रिकामा होतो का, याची सही सफाई करणारीच्या नव्हे, पाहणी करणाऱ्याच्या नावानं हवी.

कपडे बदलण्याच्या खोलीला कुलपाची कपाटं लागतात. मोबाइल आणि मंगळसूत्र मशीनजवळ नेता येत नसेल तर ते सुरक्षित ठेवायची जागा द्यावीच लागते.

बाकाच्या उंचीकडे फारसं कोणी बघत नाही. पुरुषांच्या मापानं बसवलेल्या बाकावर बुटकी बाई दिवसभर खांदे उचलून काम करते आणि संध्याकाळी मान धरते. उभ्यानं करायच्या हलक्या जोडणीच्या कामात बाकाचा पृष्ठभाग कोपरापेक्षा ५ ते १० सेंटिमीटर खाली हवा. जोर लावायच्या कामात त्याहून खाली, बारीक नजरेच्या कामात कोपरापेक्षा किंचित वर. प्रत्येकीच्या कोपराची जमिनीपासूनची उंची मोजा. बाक खालीवर होत नसेल तर घट्ट बसणारा, न घसरणारा पाट पायाखाली द्या, आणि तो पूर्ण जागेवर पसरलेला असू द्या. अर्ध्या पावलाचा पाट अपघात घडवतो. हातमोजे, सेफ्टी शूज, गॉगल मागवताना लहान मापं वेगळी मागवा. मोठा हातमोजा फिरत्या भागात अडकतो, म्हणजे संरक्षणाची वस्तूच धोका होते.

पाळी आणि प्रवास

रात्रपाळी म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर रात्री दहा ते सकाळी सहा येतं. कायद्याची रेषा त्याआधी आहे. संध्याकाळी ७ नंतर किंवा सकाळी ६ पूर्वी स्त्रीला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि सुरक्षेच्या अटी पाळाव्या लागतात. म्हणजे दुपारी दोन ते रात्री दहाची दुसरी पाळीही यात येते. अनेक कारखाने ती साधी पाळी समजून चालतात.

संमती लेखी घ्या, पण नेमणूकपत्राच्या गठ्ठ्यात घुसडून नको. वेगळा कागद, मराठीत, आणि ज्या मुलींना हिंदी जवळची त्यांच्यासाठी हिंदीत. संमती कधीही मागे घेता येते आणि घेतल्यानं वेतनवाढ किंवा काम जात नाही, हे त्यात लिहिलेलं हवं.

गाडी दारापर्यंत जायला हवी. 'मेन रोडपर्यंत सोडतो' हे अर्धं काम. मार्ग असा आखा की गाडीत शेवटी उरणारी प्रवासी एकटी बाई नसेल. तसं जमत नसेल तर सुरक्षारक्षक सोबत द्या. चालकाची पोलीस पडताळणी, गाडीचा ठावठिकाणा कंपनीत दिसणं, आणि रात्री उचलला जाणारा एक फोन नंबर या तीन गोष्टींवर तडजोड नको. शेवटची कामगार घरी पोचली की तिनं नोंद करावी आणि ती नोंद झाल्याशिवाय पाळीच्या प्रमुखानं गेट सोडू नये.

कोणत्याही पाळीत, कोणत्याही लाइनवर एकटी बाई ठेवू नका. किमान तिघी ठेवा. दोघी असल्या आणि एकीची सुट्टी असली की दुसरी एकटी पडते.

पगार

समान कामाला समान वेतन हा नियम १९७६ च्या समान वेतन कायद्यापासून आहे, आणि आता तो २०१९ च्या वेतन संहितेत आहे. ही धरून केंद्राच्या चारही श्रमसंहिता, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले नवे कायदे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आल्या. 'आमच्याकडे बायकांचं काम वेगळं आहे' हा बचाव जुना आहे आणि मुंबईतल्याच एका प्रकरणात तो टिकला नाही. मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत स्त्री लघुलेखिकांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी पगार होता. ऑड्री डिकोस्टा यांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८७ मध्ये सांगितलं की कामाचं नाव किंवा बारीकसारीक फरक न बघता काम मुळात सारखं आहे का ते बघा. कंपनीला परवडत नाही हेही कारण मानलं गेलं नाही.

तपासणी अशी करा. एका पातळीच्या कामाची माणसं एकत्र घ्या. पुरुषांचे पगार चढत्या क्रमानं लावून मधला पगार काढा, तसाच स्त्रियांचा. समजा पुरुषांचा मधला पगार १९,००० आणि स्त्रियांचा १६,७२०. फरक २,२८०, म्हणजे १२ टक्के. हे आधी मूळ पगारावर करा, मग सगळे भत्ते धरून, मग ओव्हरटाइम धरून. मूळ पगार सारखा आणि एकूण रकमेत मोठी दरी असेल, तर बहुतेकदा ओव्हरटाइम आणि पाळीभत्ता पुरुषांनाच विचारला जातोय. तिनं नाही म्हटलं का, की तिला विचारलंच नाही, याची वेगळी नोंद ठेवायला लावा.

दुसरी, खोलवरची तपासणी कामाच्या मोलाची. प्रत्येक कामाला कौशल्य, श्रम, जबाबदारी आणि परिस्थिती या चार बाबींवर १ ते ५ गुण द्या. माल चढवणाऱ्याला श्रमाचे ५ मिळतील, ते बरोबरच आहे. पण आठ तास भिंगाखाली सुटे भाग तपासणाऱ्या बाईच्या मानेचे आणि डोळ्यांचे श्रम 'हलकं काम' म्हणून १ वर ढकलले जातात, आणि खराब भाग ग्राहकाकडे जाऊ न देण्याची तिची जबाबदारी कोणी मोजत नाही. गुण देणाऱ्यांत ते काम प्रत्यक्ष करणारं एक माणूस बसवा. एकाच कामाला पुरुषाचं पद 'ऑपरेटर' आणि बाईचं 'हेल्पर' असं तर नाही ना, तेही इथेच उघडं पडतं.

दुरुस्ती वरच्या दिशेनंच करायची. समता आणण्यासाठी कोणाचा पगार कमी करायला कायदा मनाई करतो. रक्कम मोठी असेल तर दोन वेतनवाढींत भरून काढण्याचा आराखडा लिहून तारखा घाला, पण एकाच पदावरचा उघड फरक त्याच महिन्यात मिटवा. आकडे फलकावर लावताना पाचपेक्षा कमी माणसांचा गट दाखवू नका, त्यातून एकेकीचा पगार कळतो.

अंतर्गत समिती

लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा १० किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अशा तक्रारींची चौकशी करणारी अंतर्गत समिती मागतो. ती न नेमल्यास ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. अध्यक्ष त्याच ठिकाणची वरिष्ठ पदावरची स्त्री, कर्मचाऱ्यांतून किमान दोन सदस्य, एक बाहेरची सदस्य, आणि एकूण सदस्यांत निम्म्या तरी स्त्रिया. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. दोन पत्त्यांवर कारखाने असतील तर दोन समित्या.

कागदावरची समिती आणि चालणारी समिती यांत फरक कुठे पडतो? एक, बाहेरची सदस्य मालकाच्या ओळखीतली, वर्षातून एकदा सही करणारी असते. तिला मानधन द्या, वर्षातून निदान चार वेळा बोलवा, आणि निवडताना स्त्रियांसोबत काम केलेली, चौकशीची रीत जाणणारी व्यक्ती शोधा. दोन, सगळ्या सदस्या ऑफिसातल्या असतात. शॉप फ्लोअरवरची, म्हणजे प्रत्यक्ष उत्पादनात काम करणारी, एक सदस्य हवीच, नाहीतर खालची बाई वर जिना चढून येत नाही. तीन, ठेक्यावरच्या मुली, प्रशिक्षणार्थी, कँटीनमधल्या बायका यांना वाटतं की समिती कायम कामगारांची. कायद्यात तसा भेद नाही. फलकावर ते मोठ्या अक्षरात लिहा, सदस्यांच्या नाव-नंबरांसह, आणि एक प्रत स्त्रियांच्या शौचालयाच्या आतल्या बाजूला लावा, कारण गेटजवळच्या फलकासमोर उभं राहून नंबर टिपणं कोणाला सोयीचं नसतं.

तक्रार आली की तारखा धावू लागतात. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार करता येते. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. तिला लिहिता येत नसेल तर समितीनं लिहून घ्यायचं. सात कामाच्या दिवसांत प्रत ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला, त्यानंतर दहा कामाच्या दिवसांत त्याचं लेखी उत्तर. चौकशी ९० दिवसांत, अहवाल त्यानंतर १० दिवसांत, आणि मालकानं ६० दिवसांत कारवाई. सुनावणीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हवेत. वकील कोणालाच आणता येत नाही.

तिनं मागितलं तर चौकशी चालू असताना तिची किंवा त्याची बदली किंवा तिला तीन महिन्यांपर्यंतची रजा देता येते. इथे नेहमीची चूक म्हणजे न विचारता तिलाच दुसऱ्या पाळीत टाकणं. सगळ्या कारखान्याला त्यातून कळतं की तक्रार करणाऱ्याची उचलबांगडी होते.

समेट फक्त तिनं मागितला तरच, आणि पैशाच्या देवघेवीवर मुळीच नाही. आरोप सिद्ध करता आला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही. हे कायद्यात स्पष्ट आहे आणि प्रशिक्षणात पहिल्या पाच मिनिटांत सांगायला हवं.

समोरच्या माणसालाही पुरेशी संधी द्यावी लागते. गोव्यातल्या विद्यापीठाच्या एका प्रकरणात चौकशीची फार घाई केली, बाजू मांडायला नीट वेळ दिला नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयानं मे २०२३ मध्ये बडतर्फीची कारवाई रद्द करून प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवलं. अनेक वर्षांनी तक्रारदारांना पुन्हा चौकशीला सामोरं जावं लागणं, हा केवढा छळ. म्हणून प्रत्येक बैठकीचं टिपण, सह्या, कागद दिल्याची पोच आणि दोन्ही बाजूंना उलट प्रश्न लेखी देण्याची संधी हे सोडू नका. नावं बाहेर फुटू देऊ नका. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, किंवा कारखान्यात दहापेक्षा कमी माणसं असतील, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तो पत्ताही फलकावर हवा.

प्रशिक्षण नव्या माणसाला रुजू होताना, आणि सुपरवायझरांना वर्षातून दोनदा. सभागृहात दोनशे जणांना स्लाइड दाखवून फार काही होत नाही. वीस-पंचवीस जणांचा गट, दीड तास, लाइनवरच्या खऱ्या प्रसंगांवर चर्चा. व्हॉट्सअॅप गटातले विनोद, खांद्यावर हात ठेवून काम समजावणं, रजा मंजूर करताना केलेली शेरेबाजी.

बाळंतपण आणि परत येणं

पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा, त्यापुढे १२. २६ आठवड्यांच्या रजेतले बाळंतपणाआधी जास्तीत जास्त आठ आठवडे घेता येतात. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेली आणि ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) असलेली कामगार हे पैसे ईएसआयकडून घेते, त्यासाठी ७० दिवसांचं अंशदान लागतं. इथे ठेकेदार घोटाळा करतो. मध्येच नाव काढून नव्या नंबरावर दाखवतो आणि दिवस तुटतात. दर तिमाहीला ठेक्यावरच्या प्रत्येकीचं अंशदान कंपनीनं स्वतः पडताळावं.

रजेवर जाण्याआधी एक, आणि परतण्याच्या महिनाभर आधी एक अशी बैठक घ्या. कोणत्या मशीनवर परत येणार, पाळी कोणती, दूध पाजण्याची किंवा काढण्याची जागा कुठे, हे लिहून द्या. मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन जादा सुट्ट्या तिचा हक्क आहे. त्या वर्षाची वेतनवाढ ठरवताना ती कामावर होती तेवढ्याच महिन्यांचं काम मोजा, किंवा आधीच्या वर्षीचा शेरा धरा. 'अर्धं वर्ष नव्हती म्हणून सरासरी' असं लिहिलं की त्या एका शेऱ्याचा फटका पुढची दहा वर्षं बसतो.

५० किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघर लागतं. पुरुषही या ५० मध्ये धरले जातात. आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे. एकट्यानं चालवणं जड जात असेल तर शेजारच्या तीन-चार कारखान्यांनी मिळून चालवायला कायद्यात मुभा आहे. वडिलांनाही मूल आणता येईल असं ठेवा. तसं केलं नाही तर पाळणाघर म्हणजे बायकांवरचा खर्च, असंच हिशेबात बसतं.

आता भरती, आणि बढती

जाहिरातीत 'फक्त पुरुष उमेदवार' लिहू नका, तोंडीही सांगू नका. ठेकेदाराला लेखी कळवा. आधी हातकामाची चाचणी, मग मुलाखत. सर्वांना तेच पाच प्रश्न, आणि प्रत्येक परीक्षकानं चर्चेआधी आपापले गुण लिहून ठेवायचे, नाहीतर वरिष्ठ जे बोलेल ते सगळ्यांचं होतं. लग्न कधी, मूल किती, नवरा काय करतो, हे विचारायचं नाही. आडनाव ऐकून गाव आणि जात चाचपायची सवयही इथेच थांबवा. जातीवरून कोणाला वेगळं बसून डबा खायला लावणं ज्या कँटीनमध्ये चालतं, तिथे बाईच्या सन्मानाची गोष्ट पुढे सरकत नाही.

अपंग आणि तृतीयपंथी कामगारांसाठीही आधीच तयारी लागते. प्रत्येक कारखान्याला अपंगांसाठी समान संधीचं धोरण जाहीर करावं लागतं, आणि तृतीयपंथीयांच्या तक्रारींसाठी एक अधिकारी नेमावा लागतो. रॅम्प, कडी खाली बसवलेलं एक मोठं शौचालय आणि ज्याला त्याला स्वतः निवडता येईल अशी एक बंद खोली, एवढ्यापासून सुरुवात होते.

बढतीसाठी यादी आधी जाहीर करा: सेटिंग, प्रोग्रामिंग, देखभाल यांतलं काय काय येत असलं की लाइन लीडर होता येतं. मग ते शिकण्याची वेळ प्रत्येकीला लिहून द्या. मशीन बिघडलं की बाईला बाजूला करून पुरुषाला बोलावलं जातं, आणि तिचं शिकणं तिथेच खुंटतं. पहिली लाइन लीडर एकटी नेमू नका. दोघींना एकाच महिन्यात नेमा आणि पहिले सहा महिने उत्पादन व्यवस्थापकानं दर आठवड्याला त्यांच्याशी अर्धा तास बसावं.

दर तिमाहीला सहा आकडे मालकाच्या टेबलावर यावेत: प्रत्येक पातळीवर स्त्रियांचं प्रमाण, सोडून जाण्याचा दर, मधल्या पगारातली दरी, ओव्हरटाइमचे तास, बाळंतपणानंतर परत आलेल्या आणि सहा महिन्यांनी टिकलेल्या, समितीकडे आलेल्या आणि वेळेत निकाली निघालेल्या तक्रारी. तक्रारी पहिल्या वर्षी वाढतील. शून्य तक्रारी असतील तर आनंद मानण्याआधी शौचालयातला फलक जागेवर आहे का ते बघा. समितीचा वार्षिक अहवाल जानेवारीत जिल्हा अधिकाऱ्याकडे पाठवा, आणि त्याची पोच घेऊन फायलीत लावा.